नैराश्यरोधक औषधांचा सुरक्षित वापर : एक विवेचन

प्रस्तावना :

नैराश्य हा उपचारसाध्य आजार आहे, हे आता सुशिक्षित समाजाने तत्त्वतः मान्य केले आहे. तथापि, तत्त्व आणि व्यवहार यांतील अंतर मोठे आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) निरनिराळ्या मानसिक आजारांच्या बाबतीत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे आढळले. जे थोडे रुग्ण उपचारांपर्यंत पोहोचतात, त्यांपैकीही अनेक जण औषध मध्येच सोडतात. काहींना गुण येत नाही म्हणून, तर काहींना गुण आला म्हणून. हे दोन्ही निर्णय रुग्णाला समंजस वाटतात आणि दोन्ही घातक ठरू शकतात. औषध कसे सुरू करावे, कसे चालू ठेवावे आणि कसे थांबवावे, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. औषधांचे स्वरूप :

या औषधांचा शोध काहीसा योगायोगाने लागला. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड हे औषध दिले जात असताना त्यांची मनोवृत्ती उल्हसित झाल्याचे दिसून आले. १९५७ मध्ये स्वित्झर्लंडमधील रोलंड कून यांनी इमिप्रामिनचा नैराश्यावरील परिणाम प्रसिद्ध केला. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली आणि 'एसएसआरआय' गटातील औषधांचे युग सुरू झाले. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन ही याच गटातील औषधे होत. इमिप्रामिन, अमिट्रिप्टिलिन यांसारख्या जुन्या औषधांची मात्रा अधिक झाल्यास हृदयाच्या ठोक्यांवर गंभीर परिणाम होतो. त्या तुलनेने नवी औषधे पुष्कळच सुरक्षित आहेत. परंतु सुरक्षित याचा अर्थ देखरेखीविना घेण्याजोगी असा होत नाही.

२. प्रारंभाचा टप्पा :

औषध सुरू होताच सेरोटोनिनवरील क्रिया काही तासांत घडते, परंतु मनोवृत्तीत जाणवण्याजोगी सुधारणा होण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात. पूर्ण परिणामासाठी सहा ते आठ आठवडेही लागू शकतात. दुष्परिणाम मात्र पहिल्याच आठवड्यात दिसतात. मळमळ, डोकेदुखी, झोपेतील बदल व अस्वस्थता ही त्यांतील नेहमीची लक्षणे होत. ती बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरतात. म्हणजे प्रारंभी रुग्णाच्या वाट्याला त्रास आधी येतो आणि लाभ नंतर. ही गोष्ट अगोदर सांगितली गेली नाही, तर 'औषध मानवत नाही' असा निष्कर्ष काढून रुग्ण ते बंद करतो.

याच काळात दक्षतेचीही सर्वाधिक गरज असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुले व किशोरवयीन रुग्णांत आत्महत्येचे विचार वाढण्याच्या शक्यतेविषयी ठळक इशारा देणे बंधनकारक केले आणि २००७ मध्ये तो १८ ते २४ या वयोगटापर्यंत वाढवला. महाविद्यालयीन विद्यार्थी नेमके याच वयाचे असतात. या इशाऱ्याचा अर्थ औषध टाळावे असा नाही, कारण उपचारांविना राहिलेले नैराश्य स्वतःच आत्महत्येचे मोठे कारण आहे. पहिले काही आठवडे व मात्रा बदलताना रुग्णाजवळ कोणीतरी लक्ष ठेवणारे असावे, असा त्याचा अर्थ आहे. अचानक वाढलेली तगमग, झोप उडणे किंवा मरणाची भाषा आढळल्यास तत्काळ डॉक्टरांना कळवावे. अवास्तव उत्साह, अखंड बडबड व उधळपट्टी दिसल्यास द्विध्रुवी विकाराची शक्यता तपासावी लागते.

३. अन्य औषधांशी आंतरक्रिया :

रुग्ण घेत असलेल्या सर्व औषधांची माहिती मानसोपचारतज्ज्ञास देणे अत्यावश्यक आहे. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक, खोकल्याच्या औषधांतील डेक्स्ट्रोमेथॉर्फन व औषधप्रतिरोधी क्षयावर वापरले जाणारे लिनेझोलिड यांच्या संयोगाने शरीरात सेरोटोनिनचा प्रभाव धोकादायक पातळीस जाऊ शकतो. थरथर, घाम, जुलाब, ताप व गोंधळलेली अवस्था ही त्याची लक्षणे असून अशा वेळी रुग्णास तातडीने रुग्णालयात न्यावे. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक यांच्यासमवेत एसएसआरआय घेतल्यास जठरातील रक्तस्रावाचा धोका वाढतो. वृद्धांमध्ये रक्तातील सोडियम घटण्याची शक्यता असते. मद्यपान या काळात टाळावे.

४. समाप्तीचा टप्पा :

बरे वाटू लागणे म्हणजे उपचार पूर्ण होणे नव्हे. लक्षणे नाहीशी झाल्यानंतरही किमान सहा महिने औषध चालू ठेवावे, असा सर्वसाधारण वैद्यकीय संकेत आहे. आजार वारंवार उलटत असल्यास हा काळ दोन वर्षे वा अधिक असतो.

औषध एकाएकी थांबविल्यास चक्कर, चिडचिड, मळमळ, विचित्र स्वप्ने व डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना जाणवते. शरीरातून लवकर बाहेर पडणाऱ्या पॅरोक्सेटिन व व्हेन्लाफॅक्सिन यांच्या बाबतीत हा त्रास अधिक होतो. दीर्घकाळ टिकणाऱ्या फ्लुओक्सेटिनच्या बाबतीत कमी. म्हणून मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्यांच्या, प्रसंगी महिन्यांच्या अवधीत उतरवावी लागते. एखादी गोळी राहून गेल्यास दुसऱ्या दिवशी दुप्पट मात्रा घेऊ नये. गर्भधारणा झाल्याचे कळल्यावरही औषध परस्पर बंद करू नये.

५. 'सवय लागते' हा समज :

वरील लक्षणांमुळे या औषधांचे व्यसन लागते असा समज पसरला आहे. व्यसनात पदार्थाची ओढ असते आणि मात्रा वाढवत नेण्याची प्रवृत्ती असते; ती येथे आढळत नाही. परंतु भारतात एस्सिटॅलोप्रॅम व क्लोनाझेपाम यांचे मिश्रण एकाच गोळीत सर्रास विकले जाते. यांतील क्लोनाझेपाम हे शामक असून त्याची सवय खरोखरच लागते. आपल्या गोळीत कोणते घटक आहेत, हे रुग्णाने वेष्टनावर वाचून डॉक्टरांना विचारणे म्हणूनच योग्य ठरते. जुन्या चिठ्ठीवर महिनोन्‌महिने गोळ्या आणणे किंवा दुसऱ्याच्या गोळ्या घेणे हे सर्वस्वी अनुचित आहे.

समारोप :

नैराश्यरोधक औषधांचा धोका प्रामुख्याने उपचाराच्या दोन टोकांशी एकवटलेला आहे : सुरुवातीचे काही आठवडे आणि शेवटचे काही आठवडे. या दोन्ही वेळी रुग्णास माहितीची आणि सोबतीची गरज असते. अध्यापकाने औषध सुचवू नये, तसेच ते बंद करण्याचा सल्लाही देऊ नये. विद्यार्थ्याच्या उपस्थितीतील व वागण्यातील बदल हेरणे, गोपनीयता राखून त्यास डॉक्टरांकडे पाठविणे आणि प्रारंभीच्या आठवड्यांत अभ्यासक्रमाबाबत सवलत देणे एवढे तो निश्चित करू शकतो. ऑक्टोबर २०२२ पासून कार्यरत असलेली शासनाची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असून हा क्रमांक प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर असणे आवश्यक आहे.