लाइव्ह विक्रीसाठी मंच निवडताना

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गिऱ्हाईक मिरची हातात घेऊन पाहते, दर विचारते, थोडी घासाघीस करते आणि मगच पिशवी पुढे करते. संकेतस्थळावरील छायाचित्राला हा संवाद साधत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर माल दाखवत, विचारलेल्या प्रश्नाला त्याच क्षणी उत्तर देत केलेली विक्री मात्र या बाजाराच्या बरीच जवळ जाते. साड्यांच्या छोट्या विक्रेत्यांनी फेसबुक लाइव्हवर ही पद्धत केव्हाच रुळवली आहे. साडी आवडली की स्क्रीनशॉट काढायचा, दिलेल्या व्हॉट्सअॅप क्रमांकावर पाठवायचा आणि यूपीआयने पैसे भरायचे. काजूगर, कोकम, काणकोणची खोला मिरची किंवा कुणबी साडी विकणाऱ्या गोव्यातील घरगुती उद्योगांनाही ही वाट मोकळी आहे. (फेणीला नाही, मद्यविक्रीला अबकारी परवाना लागतो आणि समाजमाध्यमांचे नियमही आड येतात.)

मंच कोणता निवडावा, हा प्रश्न मात्र बहुतेक जण ‘लोक कुठे जास्त आहेत’ एवढ्यावरच सोडवतात. गेल्या काही वर्षांचा अनुभव पाहता ते पुरेसे नाही. जून २०२० मध्ये टिकटॉकवर भारतात बंदी आली आणि अनेकांनी जमवलेला प्रेक्षकवर्ग एका रात्रीत नाहीसा झाला. फेसबुकने आपली ‘लाइव्ह शॉपिंग’ सुविधा १ ऑक्टोबर २०२२ रोजी बंद केली, तर इन्स्टाग्रामने मार्च २०२३ मध्ये. यूट्यूबने २०२१ मध्ये विकत घेतलेले ‘सिमसिम’ हे भारतीय व्हिडिओ-खरेदीचे अॅपही पुढे बंद पडले. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर थेट प्रक्षेपण आजही करता येते; गेली ती प्रक्षेपणातच वस्तू दाखवून तिथल्या तिथे मागणी घेण्याची सोय. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा : हा मंच उद्या बंद झाला, तर माझ्या ग्राहकांची यादी माझ्याकडे राहील काय?

या कसोटीवर दोन प्रकारचे मंच वेगळे पडतात. अॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो यांसारख्या बाजारपेठांत मागणी, पैसे, पोहोचवणी आणि परत आलेला माल यांची व्यवस्था तयार असते. त्याचा मोबदला शुल्काच्या रूपाने द्यावा लागतो आणि ग्राहक बाजारपेठेचा राहतो, विक्रेत्याचा नव्हे. शिवाय अशा ठिकाणचे थेट कार्यक्रम प्रामुख्याने नामांकित ब्रँड आणि लोकप्रिय चेहऱ्यांच्या वाट्याला येतात. यूट्यूबने ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतात सुरू केलेली खरेदी-योजनाही सुरुवातीला फ्लिपकार्ट आणि मिंत्रा यांवरील वस्तूंशीच जोडलेली होती. आपला माल तिथे नोंदलेला नसेल, तर तिचा उपयोग नाही.

दुसरीकडे फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर स्वतः प्रक्षेपण करून व्हॉट्सअॅप बिझनेसवर मागण्या घेतल्या, तर दलाली नाही आणि ग्राहकाचा क्रमांक आपल्याच वहीत. त्रासही आपलाच. पैसे भरल्याचा बनावट स्क्रीनशॉट पाठवणारे असतात. रक्कम स्वतःच्या बँक खात्यात दिसल्याशिवाय माल बांधू नये. पार्सल हरवले, बरणी फुटली तर उत्तर आपल्यालाच द्यायचे.

प्रवेशाच्या अटीही पाहाव्यात, कारण नवख्याची खरी अडचण तिथेच होते. इन्स्टाग्रामने २०२५ पासून लाइव्हसाठी सार्वजनिक खाते आणि किमान १,००० अनुयायी आवश्यक केले. फेसबुकला खाते ६० दिवस जुने आणि किमान १०० अनुयायी लागतात. यूट्यूबवर मोबाइलवरून प्रक्षेपणासाठी ५० सदस्य पुरतात. फेसबुकवरील लाइव्ह चित्रफीत आता ३० दिवसांनंतर काढून टाकली जाते. यूट्यूबवर ती राहते. कोकमाचे आगळ कसे करतात हे दाखवणारा तासाभराचा कार्यक्रम वर्षभर शोधात सापडत राहावा असे वाटत असेल, तर माझा कल यूट्यूबकडे आहे. ओळखीच्या ग्राहकांना चतुर्थीपूर्वी एका संध्याकाळी माल दाखवायचा असेल, तर फेसबुक पुरे.

आता गोव्यातील विक्रेत्याला सर्वाधिक भोवणारी बाब, जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. वस्तूंच्या विक्रीसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा येथे वार्षिक ४० लाख रुपये उलाढालीची आहे. परंतु करपात्र माल राज्याबाहेर विकायचा झाल्यास ती मर्यादा लागू होत नाही. नोंदणी पहिल्या विक्रीपासूनच बंधनकारक ठरते. अधिसूचित हस्तकला वस्तूंना यात काही सवलत आहे. मोठ्या राज्यातील विक्रेत्याला घरच्याच राज्यात कोट्यवधी गिऱ्हाईक मिळते. आपली सीमा मात्र पत्रादेवीला आणि पोळेला संपते, आणि लाइव्ह पाहणारा पुण्याचा वा बेळगावचा निघण्याची शक्यता मोठी. मागणी व्हॉट्सअॅपवर घेतली म्हणून नियम बदलत नाही. फक्त राज्यांतर्गत विक्री करायची असेल, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेखालील विक्रेत्याला नोंदणीशिवायही ऑनलाइन बाजारपेठेवर माल ठेवता येतो; त्यासाठी जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. तेव्हा मंच ठरवण्याआधी गिऱ्हाईक कुठले असेल ते ठरवावे आणि हिशेबनिसाशी एकदा बोलावे. खाद्यपदार्थ असल्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी घरगुती उत्पादकालाही चुकत नाही. बंद पाकिटावर वजन, किंमत आणि उत्पादकाचा पत्ता छापलेला हवा.

सत्तरी किंवा सांगेच्या आतल्या भागातून प्रक्षेपण करणाऱ्याने आधी नेटवर्क तपासावे. फेसबुकवर ‘फक्त मी’ हा पर्याय निवडून चाचणी घेता येते. यूट्यूबवर लाइव्हची सुविधा प्रथमच सुरू करताना २४ तासांपर्यंत वाट पाहावी लागते. ती कार्यक्रमाच्या आदल्या रात्री सुरू करायला जाऊ नये.