उसाच्या ट्रॅक्टरवरचा टेप लांबून घुमतो, पण गाडीतला आवाज ‘चांगला’ नेमका कशामुळं होतो?

महिना डिसेंबर-जानेवारीचा असला आणि तुम्ही बारामतीहून इंदापूरला निघालात, तर काटेवाडी ओलांडायच्या आत उसाचा ट्रॅक्टर गाठ पडणार हे ठरलेलं. मागं दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या बाहेर लोंबणारा ऊस आणि ट्रॅक्टर दिसायच्या आधीच कानावर येणारा टेप. कॅसेट कधीच इतिहासजमा झाली, गाणी पेनड्राइव्हवर आली, पण नाव टेपच राहिलं.

भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, शिवाय माळेगाव आणि सोमेश्वर. दोन तालुक्यांत एवढे कारखाने म्हटल्यावर हंगामात रस्ता रात्रभर जागा असतो. फडातून ट्रॉली भरून निघायचं, यार्डात नंबर लागेपर्यंत थांबायचं, खाली करून परत फडात. झोप येऊ नये म्हणून टेप लागतो असं ड्रायव्हर सांगतात, आणि त्यात खोटं काही नाही.

आता या ट्रॅक्टरच्या मागं अडकलेल्या कारवाल्याला वाटतं की आपल्याही गाडीत असा दणका पाहिजे. तो दुकानात जातो आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘किती वॅटचा आहे?’

गडबड इथूनच सुरू होते.

खोक्यावर छापलेला वॅटचा आकडा बहुतेक वेळा ‘पीक’ किंवा ‘पीएमपीओ’ असतो, म्हणजे क्षणभर गाठता येईल असा किंवा निव्वळ जाहिरातीचा. बघायचा आकडा ‘आरएमएस’, म्हणजे सिस्टीम सतत किती ताकद देऊ शकते तो. ‘५० वॅट गुणिले ४’ लिहिलेला साधा कार स्टीरिओ प्रत्येक स्पीकरला प्रत्यक्षात साधारण २० वॅटच्या आसपास देतो. बरं, वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. दुप्पट ताकदीनं फक्त ३ डेसिबल वाढतात, जेमतेम जाणवतील एवढे. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद.

मग फरक पडतो कशानं? सगळ्यात जास्त फरक पडतो दारानं. हे ऐकून लोक हसतात, पण कारमध्ये स्पीकरचं खोकं म्हणजे दारच असतं. स्पीकरचा पडदा पुढं येतो तेव्हा समोर हवा दाबली जाते आणि त्याच वेळी मागं ती विरळ होते. दाराच्या आतल्या पत्र्याला भोकं असतील, तर मागची लाट त्यातून बाहेर येते आणि पुढच्या लाटेला मारते. सगळ्यात आधी बेस मरतो. त्यात पत्रा स्वतःच थरथरतो आणि तबल्याऐवजी डबा वाजल्यासारखा आवाज येतो. जाणता फिटर म्हणून आधी दार उघडतो, पत्र्याला ब्युटाइल रबराची जाड शीट चिकटवतो, भोकं बुजवतो, स्पीकरखाली घट्ट रिंग बसवतो. एवढं केलं तर मध्यम किमतीचा स्पीकरसुद्धा महागड्याच्या तोंडात मारतो. हे काम पॅनलखाली झाकलं जातं, फोटोत दिसत नाही, म्हणून गिऱ्हाईक त्याला पैसे द्यायला कां-कू करतं.

दुसरी गोष्ट बसण्याच्या जागेची. ड्रायव्हर उजवीकडं बसतो. उजव्या दारातला स्पीकर समजा त्याच्यापासून एक मीटरवर, डावा दीड मीटरवर. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे डावीकडचा आवाज दीड मिलिसेकंद उशिरा पोचतो. फरक नखाएवढा, पण कान फसतो. आधी आलेल्या आवाजाच्या दिशेलाच गायक बसलाय असं त्याला वाटतं. डीएसपी नावाचं यंत्र जवळच्या स्पीकरला तेवढा वेळ थांबवून धरतं आणि मग गायक डॅशबोर्डच्या मधोमध येतो.

वायरिंगचंही तेच. १२ व्होल्टवर खरोखरच्या १००० वॅटला ८० अँपिअरपेक्षा जास्त करंट लागतो. बारीक वायर आणि कच्चा अर्थ दिला की दणका आला की हेडलाइट मंदावतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून कुंईंऽऽ असा सूर निघतो. आणि गाणंच मुळात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून पिळून निघालेलं असेल, तर पुढचा सगळा खर्च त्या पिळलेल्या फाइलवरच होतो.

पण मग ट्रॅक्टरवाला दणका कारमध्ये का नको? कारण तिथलं गणितच वेगळं आहे. कारची केबिन बंद असते. ४० हर्ट्झच्या बेसची लाट साडेआठ मीटर लांब, केबिन त्याहून कितीतरी लहान, त्यामुळं आतला हवेचा दाबच वरखाली होतो आणि कमी ताकदीत बेस भरून येतो. ट्रॅक्टरला भिंती नाहीत, काचा नाहीत. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. त्यात ड्रायव्हरच्या कानाशी बिनकेबिनच्या ट्रॅक्टरचं इंजिन ९० डेसिबलच्या आसपास गरजत असतं. गाणं ऐकू यायचं तर त्याच्या वर न्यावं लागतं. अ‍ॅम्प्लिफायर कुवतीबाहेर ताणला की लाटेचं टोक कापलं जातं, गाणं फाटतं, ट्वीटर जळतो. ज्याला लोक दणका म्हणतात त्यातला बराचसा भाग ही फाटच असते.

कानाचा हिशोब तर फार कडक आहे. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या ‘नायोश’ या संस्थेनं ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा सांगितली आहे. पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. त्या हिशोबानं १०० डेसिबलला मिळतात फक्त १५ मिनिटं. उसाच्या ट्रॅक्टरवरची एक खेपसुद्धा १५ मिनिटांत होत नाही.

शिवाय जाड आवाज बारीक आवाजाला झाकतो. बेसच्या ढगाखाली मागच्या एसटीचा हॉर्न, ओव्हरटेक करणाऱ्या दुचाकीचा हॉर्न, ट्रॉलीची पिन निसटल्याचा खणखणाट, सगळं दबतं. जोडीला ट्रॉल्यांमागचं आरशात धड दिसत नाही. ज्याला मागचं दिसत नाही त्याला ऐकूही येत नसेल, तर मागच्यानं करायचं काय? म्हणून हंगामाच्या तोंडावर ‘रिफ्लेक्टर लावा, टेप मोठ्यानं लावू नका’ अशी तंबी दिली जाते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत तर रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकरला मनाई आहे आणि रहिवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी ही गावं याच रस्त्यावर झोपलेली असतात.

तेव्हा कारमध्ये सिस्टीम बसवून घ्यायचीच असेल, तर पैसे देण्याआधी दुकानासमोरच एक चाचणी घ्या. इंजिन चालू ठेवा, काचा बंद करा आणि दुकानदाराचं डेमो गाणं न लावता शंभरदा ऐकलेलं आपलं गाणं निम्म्या आवाजावर लावा. ढोलकीच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या ऐकू आल्या पाहिजेत, गाण्याचे शब्द कान न ताणता कळले पाहिजेत आणि दारावर हात ठेवला तर पत्रा थरथरता कामा नये. मग सोबत आलेल्या मित्राला दुसऱ्या गाडीतून मागं जाऊन एकदा हॉर्न वाजवायला सांगा.