नॅव्हिगेटरला गाडीतून उतरवलं तेव्हा

रॅलीच्या गाडीत दोन माणसं असतात. एक गाडी चालवतो, दुसरा, म्हणजे नॅव्हिगेटर, वही वाचतो. पुढचं वळण चालकाच्या डोळ्यांना दिसण्याआधी त्याच्या कानावर पडलेलं असतं : ‘शंभर मीटर, चढ, माथ्यावरून डावं चार, लगेच उजवं तीन, पुढे आवळतंय, आतून कापू नकोस.’ आकडे वळणाचा बाक सांगतात. बहुतेकांच्या पद्धतीत सहा म्हणजे जवळजवळ सरळ रस्ता आणि आकडा जितका लहान तितकं वळण अवघड. ही वही रॅलीच्या आधी तोच मार्ग सावकाश पालथा घालून भरलेली असते. प्रत्यक्ष रॅलीत नॅव्हिगेटरला एक ओळ वाचायला उशीर झाला, तर गाडी थेट शेतात जाऊ शकते.

नाशिकला हा खेळ परका नाही. वेस्टर्न इंडिया स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजेच ‘विसा’, ही इथलीच संस्था. तिने भरवलेली ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ राष्ट्रीय अजिंक्यपदाची फेरी म्हणून नाशिकच्या आसपासच्या कच्च्या रस्त्यांवर धावली आहे. इंदिरानगर बोगद्याच्या कोंडीत क्लच दाबून बसलेला माणूससुद्धा सुट्टीच्या दिवशी शहराबाहेर पडला, की त्याला मुरमाचा एखादा रस्ता सापडतो. त्या रस्त्यावर गाडीचं मागचं चाक किंचित सरकतं आणि पोटात गोळा येतो. रॅलीची सगळी गंमत त्या सरकण्यात आहे, आणि ते सरकणं आवरण्यातही. घरच्या संगणकावर ती अनुभवायला देणारी सर्वांत नावाजलेली मालिका ब्रिटनच्या ‘कोडमास्टर्स’ कंपनीची. याच मालिकेने २०१२ साली स्वतःच्या चाहत्यांची निराशा केली. त्या वेळी कंपनीची निम्मी मालकी मुंबईच्या एका उद्योगसमूहाकडे होती, हे आपल्याकडे फार थोड्यांच्या लक्षात आहे.

मालिकेचा जन्म १९९८ चा. स्कॉटलंडचा कॉलिन मॅक्रे १९९५ मध्ये जागतिक रॅली विजेता झाला होता. हा मान मिळवणारा तो पहिला ब्रिटिश चालक. ‘कॉलिन मॅक्रे रॅली’ हा गेम त्याच्या नावाने निघाला आणि त्यात त्याचा खरा नॅव्हिगेटर निकी ग्रिस्ट याचा आवाज होता. खेळणाऱ्याला एकच गाडी, एकच रस्ता आणि कानात तो आवाज. बहुतेक टप्प्यांत समोर हरवायला दुसरी गाडी नसे, लढत घड्याळाशी. २००७ मध्ये मालिकेला ‘डर्ट’ हे नाव जोडलं गेलं आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मॅक्रे हेलिकॉप्टर अपघातात गेला. पुढच्या भागांत अमेरिकी झगमगाट वाढला, तरी २०११ च्या ‘डर्ट ३’ने रॅलीला पुन्हा मोठी जागा दिली. अमेरिकी रॅलीचालक केन ब्लॉकने लोकप्रिय केलेली ‘जिमखाना’ कसरत, म्हणजे गाडी गोल फिरवणं, खांबांमधून घसरवत नेणं, त्यात होतीच. पण ती पंगतीतल्या एखाद्या पदार्थाइतकी. समीक्षक आणि खेळाडू, दोघेही खूश होते.

मग मे २०१२ मध्ये ‘डर्ट शोडाउन’ आला. यात तो पदार्थच पंगत झाला.

रॅलीचे टप्पे गेले, नॅव्हिगेटर गेला, वही गेली. त्याऐवजी रोषणाईने उजळलेली मैदानं, फटाके आणि सतत ओरडणारा निवेदक. ‘रॅम्पेज’ या प्रकारात बंदिस्त मैदानात दुसऱ्यांच्या गाड्यांना धडका देऊन गुण मिळवायचे. ‘नॉक आउट’मध्ये उंच चौथऱ्यावरून प्रतिस्पर्ध्याला खाली ढकलायचं. ‘एट बॉल’चा मार्ग इंग्रजी आठच्या आकड्यासारखा, त्यामुळे मधल्या छेदावर समोरासमोर टक्कर ठरलेली. ‘जॉयराइड’मध्ये लंडनच्या बॅटरसी भागात किंवा योकोहामाच्या गोदीत मोकळं हिंडत कसरती करायच्या. गाडीला नायट्रो आणि नायट्रोचं बटण दाबलं की सुसाट. पहिला अर्धा तास हे सगळं मजेचं वाटतं. दृश्यं तर इतकी देखणी, की ग्राफिक्स कार्डांची ताकद मोजण्यासाठी तज्ज्ञ पुढची काही वर्षं हाच गेम वापरत राहिले. पण गाडी कोणतीही घेतली तरी हाताला फारसा फरक जाणवत नाही, आणि दहाव्या धडकेत पहिल्या धडकेपेक्षा नवं काही शिकायला मिळत नाही. ‘डर्ट ३’ला समीक्षकांनी शंभरपैकी ऐंशीच्या पुढे गुण दिले होते, ‘शोडाउन’ सत्तरीच्या आगेमागे थांबला. गुणांपेक्षा चाहत्यांच्या मनात जास्त खोल गेला तो त्यांची रॅली हिरावल्याचा राग.

हा राग ‘आर्केड’ शैलीवर काढणं मात्र चुकीचं ठरेल. नव्वदच्या दशकात गेम पार्लरमध्ये नाणी टाकून खेळलेल्यांना ही शैली चांगली ठाऊक आहे. नाणं टाकलं की दोन-तीन मिनिटांचा खेळ, म्हणून नियम सोपे, वेग भरपूर, चूक झाली तरी गाडी लगेच रस्त्यावर. नामकोचा ‘पोल पोझिशन’ (१९८२) आणि सेगाचा ‘आउट रन’ (१९८६) याच घडणीचे. घरोघरी संगणक आल्यावर आपल्याकडच्या मुलांनी ‘रोड रॅश’ आणि ‘नीड फॉर स्पीड’ची पारायणं केली, ती याच सोपेपणामुळे. सेगाच्याच ‘रॅली चॅम्पियनशिप’मध्ये तर सोपेपणा असूनही रॅलीचा आत्मा शाबूत होता : चिखलात चाक वेगळं वागतं, डांबरावर वेगळं, आणि नॅव्हिगेटरचा आवाज वळणाची खबर देत राहतो. ट्वेंटी-२०ने षटकं कमी केली, पण बॅट आणि चेंडूची लढत ठेवली, तसं काहीसं.

‘शोडाउन’ने ठेवायची तीच गोष्ट काढून टाकली.

असं का झालं, याचं उत्तर त्या काळच्या हिशेबात शोधावं लागतं. २०१० मध्ये अनिल अंबानी समूहातल्या रिलायन्स बिग एंटरटेनमेंटने कोडमास्टर्सचा ५० टक्के हिस्सा घेतला. भारतीय पैसा ब्रिटिश गेम कंपनीत इतक्या मोठ्या प्रमाणात जाण्याची ती घटना तेव्हा नवलाची होती. पुढच्याच वर्षी कंपनीचे दोन बंदुकीचे गेम, ‘बॉडीकाउंट’ आणि ‘ऑपरेशन फ्लॅशपॉइंट : रेड रिव्हर’, अपेक्षेला उतरले नाहीत. गिल्डफर्डचा स्टुडिओ बंद झाला आणि कंपनीने सगळा डाव शर्यतींवर लावला. एकाच प्रकारच्या गेमवर घर चालवायचं, तर त्याच प्रकारात नवं गिऱ्हाईक शोधावं लागतं. रॅलीला घाबरणाऱ्या माणसाला आत आणण्याचा विचार त्यातूनच आला असणार, आणि तो विचार वाईट नव्हता. आलेल्या नव्या माणसाला आत दाखवायला रॅलीच उरली नव्हती, दोष तिथे होता.

‘शोडाउन’च्याच वर्षी, २०१२ च्या नोव्हेंबरात, कंपनीने फॉर्म्युला वनच्या बाबतीतही हाच प्रयोग केला. ‘एफ-वन रेस स्टार्स’मध्ये मोठ्या डोक्यांचे बाहुल्यांसारखे चालक लहान मुलांच्या खेळण्यातल्या गाड्या पळवतात; आपला नारायण कार्तिकेयनही तेव्हा एचआरटी संघाचा चालक म्हणून त्यात आहे. या जातीच्या गेममध्ये वळणावर गाडी घसरवण्याची मजा मुख्य असते. नेमकी तीच सोय इथे दिलेली नव्हती.

तुलनेसाठी फार लांब जायला नको. कोडमास्टर्सच्या साउदमपासून जवळच, लेमिंग्टन स्पा गावी, प्लेग्राउंड गेम्स हा स्टुडिओ आहे. कोडमास्टर्समधून बाहेर पडलेली बरीच मंडळी तिथे होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यांनी ‘फोर्झा होरायझन’ आणला. हासुद्धा एका गंभीर मालिकेचा सैल, सोपा, उत्सवी अवतार. फरक असा, की मूळ ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’मधलं गाडीचं वजन, टायरची पकड, इंजिनाचा स्वभाव त्यांनी हाताखाली तसाच राहू दिला, आणि त्याभोवती कोलोरॅडोचे मोकळे रस्ते उभे केले. नवखा माणूस वाट चुकत हिंडू शकतो, जाणकार मात्र तीच गाडी अचूक चालवून दाखवू शकतो. ती मालिका आज मूळ मालिकेपेक्षा जास्त लोकप्रिय आहे.

कोडमास्टर्सची गाडी रुळावर आणली ती एका लहान चमूने. या चमूचा मुख्य गेम डिझायनर पॉल कोलमन खऱ्या रॅलींत नॅव्हिगेटर म्हणून बसलेला माणूस. एप्रिल २०१५ मध्ये फारसा गाजावाजा न करता ‘डर्ट रॅली’ अपूर्णावस्थेत विक्रीला ठेवला गेला आणि खेळणाऱ्यांच्या सूचना ऐकत वर्षअखेरीस पूर्ण झाला. निवेदक नाही, फटाके नाहीत. धुकं, दगड, पाऊस, आणि कानात वही वाचणारा आवाज. तो आवाज खुद्द कोलमनचा. पहिल्याच वळणावर दरीत पडायला लावणाऱ्या या अवघड गेमने समीक्षकांचे पंच्याऐंशीच्या घरातले गुण मिळवले. सोपेपणा मिळाला नाही म्हणून लोक पळून जातील, ही भीती त्याने खोटी ठरवली.

पुढे मालकी बदलत गेली. २०१८ मध्ये कंपनी लंडनच्या शेअर बाजारात आली, २०२१ मध्ये अमेरिकेच्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌सने सुमारे १२० कोटी डॉलरना ती विकत घेतली. २०२५ मध्ये कोडमास्टर्सने रॅली गेमचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. नाशिकच्या एखाद्या तरुणाला घरबसल्या ही रॅली समजून घ्यायची असेल, तर २०१९ चा ‘डर्ट रॅली २.०’ त्याच्यासाठी आहे. त्यात वही वाचणारा फिल मिल्स हा २००३ चा जागतिक विजेता पेटर सोलबर्गचा नॅव्हिगेटर. साधा गेमपॅडही पुरतो. फक्त आवाजासाठी हेडफोन लावावा, आणि पहिले काही दिवस गाडी झाडावर आदळण्याची तयारी ठेवावी.