शिरेतून रक्त घेताना घ्यावयाची दक्षता

खापरखेडा म्हटले की औष्णिक विद्युत केंद्राची उंच धुराडी नजरेसमोर उभी राहतात. नागपूर जिल्ह्यातील या गावाला आणखी एका गोष्टीची जाण ठेवावी लागते. ती म्हणजे विदर्भात आढळणारा सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार. प्राथमिक चाचणीस बोटाच्या टोकाचे थेंबभर रक्त पुरते; पक्क्या निदानासाठी मात्र बहुधा शिरेतून रक्त घ्यावे लागते. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाल्यापासून या कृतीचे महत्त्व वाढले आहे.

प्रथम रुग्णासच पूर्ण नाव विचारून ते मागणीपत्राशी पडताळावे. हात धुऊन हातमोजे घालावेत. कोपराच्या खोलगट भागी शीर चाचपून तिच्या चार-पाच बोटे वर पट्टा बांधावा. तो दोन मिनिटांहून अधिक ठेवू नये. ७० टक्के अल्कोहोलने त्वचा पुसून वाळू द्यावी. त्या जागी पुन्हा बोट लावू नये. निर्जंतुक, नवी सुई ३० अंशांपर्यंतच्या कोनात घालावी. रक्त मिळताच आधी पट्टा सोडावा, मगच सुई काढावी. क्रम उलटल्यास दाबामुळे रक्त त्वचेखाली साकळते. नंतर हात न दुमडता कापसाने जागा दाबून धरावी.

सुईला टोपण पुन्हा लावू नये. त्या प्रयत्नात बोटास सुई टोचल्यास हिपॅटायटिस बी, सी अथवा एचआयव्हीची लागण संभवते. सुई तत्काळ छिद्र न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकावी.

नळीवर नाव रुग्णासमोरच लिहावे. पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास हा विकार होण्याची शक्यता २५ टक्के असते. नावाची एक अदलाबदल दोन कुटुंबांचे निर्णय चुकवू शकते.