हट्टी नव्हे, ते काही सांगते आहे
स्वमग्न मुलाचे शाळेतील वागणे आणि आपली जबाबदारी

वर्गात घंटा वाजली की कानांवर हात ठेवून किंचाळणारे, रांगेत न थांबणारे, हाक मारली तरी वळून न पाहणारे मूल दिसले की लोक आईला दोष देतात. लाडावून ठेवले, म्हणतात. कुणी अंगारा सुचवतो, कुणी छडी. शेवटी शाळेतून निरोप येतो, ‘उद्यापासून पाठवू नका.’

हे मूल स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेले असू शकते. आईच्या वागण्याने किंवा लसीने ऑटिझम होत नाही. तो आजार नव्हे, मेंदूच्या जडणघडणीतला जन्मजात वेगळेपणा आहे. मारून तो जात नाही, उलट भीती वाढते. निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावे.

पालकांनी एक साधी वही करावी. मूल बिथरण्याच्या आधी काय घडले, त्याने काय केले आणि नंतर काय झाले, हे रोज लिहावे. आठ-पंधरा दिवसांत कारण दिसू लागते. समजा, लिहायला सांगितले की मूल ओरडते आणि गुरुजी त्याला बाहेर बसवतात. म्हणजे ओरडले की लिहिणे टळते, हेच ते शिकले. त्याला ‘थोडे थांबू द्या’ असे चित्राचे कार्ड दाखवायला शिकवावे. कार्ड दाखवताच दोन मिनिटे विश्रांती द्यावी आणि मग पुन्हा कामाला बसवावे. ओरडण्याची गरजच कमी होते.

पुढे काय होणार हे ठाऊक नसले की ही मुले घाबरतात. जुन्या पुठ्ठ्यावर प्रार्थना, गणित, मधली सुट्टी आणि घर अशी चित्रे क्रमाने चिकटवावीत. कॅरोल ग्रे या अमेरिकन शिक्षिकेने १९९१ च्या सुमारास छोट्या गोष्टींची पद्धत रूढ केली. तशी गोष्ट घरीही लिहिता येते: ‘मधल्या सुट्टीत नळावर रांग असते. मी रांगेत उभा राहतो. माझी पाळी आली की मी पाणी पितो.’ ती सुट्टीच्या आधी रोज वाचून दाखवावी.

पाळी घेणे सापशिडीतून शिकवता येते. प्रथम आईबरोबर, मग एका भावंडाबरोबर, नंतर वर्गातल्या एका मित्राबरोबर खेळावे. जमले की लगेच आणि नेमके कौतुक करावे. नुसते ‘शहाणा’ न म्हणता ‘तू पाळी येईपर्यंत थांबलास’ असे म्हणावे. डोळ्यांत डोळे घालून बघ, अशी बळजबरी करू नये. वर्गातील मुलांनाही समजावून सांगावे, कारण मैत्रीला दोन्ही बाजू लागतात.

कायदाही आपल्या बाजूचा आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ऑटिझम आहे. सरकारमान्य शाळेला दिव्यांगत्वामुळे मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असेल तर ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. या दाखल्यासाठी सरकारी रुग्णालयात चौकशी करावी.

‘पाठवू नका’ असा निरोप आला तर गप्प बसू नये. आपला अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. सोबत ती वही न्यावी. वर्गात काय बदलायचे, हे गुरुजींना त्या नोंदींवरून दाखवता येईल.