लिहून लिहून झिजलेली आयसी

गाडीच्या डॅशबोर्डवरचा पडदा कंपनीचं बोधचिन्ह दाखवतो, विझतो, पुन्हा तेच. या तक्रारीचं युनिट आलं की पुण्यातल्या एका कारागिराचा पहिला संशय ईएमएमसी या फ्लॅश मेमरीवर जातो. साडेअकरा बाय तेरा मिलिमीटरची काळी आयसी, पोटाखाली सोल्डरचे १५३ टिपके. युनिटची सगळी स्मृती तिच्यात.

ती उचलणं हेच जोखमीचं काम. गाडीतले हादरे सोसावेत म्हणून काही उत्पादक आयसीच्या कडेने इपॉक्सी भरतात. ती हॉट एअरने मऊ करून पात्याने केसाकेसाने खरवडायची. पातं घसरलं की बोर्डावरचा ट्रॅक तुटलाच. मग फ्लक्स, खालून उष्णता, वरून हवा. बिनशिशाचं सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतं. त्याआधी ओढलं तर पॅड उखडून येतात. तो ओढत नाही. चिमट्याने हलकंसं ढकलतो. आयसी किंचित सरकून आपसूक जागेवर येते, म्हणजे सगळे टिपके वितळले. मगच उचलतो.

ईएमएमसी ५.० पासून आयसी स्वतःच्या झिजेचा अंदाज एका रजिस्टरमध्ये ठेवते. ०१ म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत, ०बी म्हणजे ठरलेलं आयुष्य ओलांडलं. उचललेली आयसी प्रोग्रामर यंत्रात लावली की ०बी उमटतं.

फ्लॅशवर नव्याने लिहायचं तर आधी आख्खा ब्लॉक पुसावा लागतो, आणि प्रत्येक पुसण्याने पेशीतला इन्सुलेशनचा पातळ थर थोडा खराब होतो. सॉफ्टवेअर मात्र बारीकसारीक नोंदी करतच राहतं. टेस्लाच्या जुन्या मॉडेल एस आणि एक्स गाड्यांत हेच झालं. ८ जीबी मेमरी, ब्लॉकमागे सुमारे ३,००० फेऱ्या; काही वर्षांत मेमरी संपली की मागचा कॅमेराही बंद. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा यंत्रणेने सांगितल्यावर २०२१मध्ये सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. बदली मेमरी ६४ जीबीची. यात मला फ्लॅशचा दोष दिसत नाही. किती लिहिणार आणि त्याला जागा किती, हा हिशेब गाडी बनवतानाच करायचा असतो.

नवी आयसी तो वाहनांसाठीचीच मागवतो, उणे ४० ते १०५ अंश सोसणारी. तापलेल्या फ्लॅशमधला डेटा लवकर विरतो. जुन्या आयसीचा डंप नव्या आयसीत उतरतो. आरपीएमबी हा विभाग तेवढा गुप्त किल्लीने बांधलेला, त्याची नक्कल निघत नाही. काही युनिट तिथेच अडतात.

रजिस्टरचा आकडा तो बिलावर लिहून देतो. सर्व्हिस सेंटरच्या कागदावरही हा आकडा का नसावा? आयसी तो केव्हाही सांगायला तयार आहे, विचारायला एक कमांड पुरते.