जुन्या मोटारीचे विकार व त्यांचें निदान

आपल्या भंडारा जिल्ह्यांत ज्या शेतकऱ्यांच्या दारीं मोटार आहे, त्यांपैकीं पुष्कळांची मोटार जुनी असते. कोणाकडे मारुती ८००, कोणाकडे अँबेसिडर, कोणाकडे वडिलांच्या वेळची पद्मिनी. मुंबईस कुर्ला येथें तयार होणारी प्रीमिअर पद्मिनी बंद होऊन बरींच वर्षें लोटलीं; अँबेसिडर व मारुती ८०० यांचें उत्पादनही इ. स. २०१४ मध्यें थांबलें. या गाड्या आतां कारखान्याच्या नव्हे, तर मालकाच्या व मिस्त्रीच्या भरंवशावर चालावयाच्या. दुखणें कोठें आहे हें न पाहतां एकामागून एक भाग बदलीत गेल्यास गाडीच्या किमतीइतका खर्च होतो आणि मूळ दोष जेथल्या तेथेंच राहतो. शिवाय रात्रीं आजारी माणसास भंडाऱ्यास न्यावयाचें असतां गाडीनें दगा दिला, तर तें नुकसान पैशांत मोजतां येत नाहीं. यास्तव कार्बुरेटर असलेल्या जुन्या पेट्रोल गाड्यांचे नेहमींचे विकार कसे ओळखावे, याचें विवेचन करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आधीं निदान, मग उपाय

धानाचें पान पिवळें पडलें म्हणजे जाणता शेतकरी दुकानांतील पहिली बाटली उचलीत नाहीं. तो रोप उपटून मूळ पाहतो, बांधींतील पाणी पाहतो. मोटारीचेंही तसेंच आहे. दोष इंजिन थंड असतां दिसतो कीं तापल्यावर, चढावर दिसतो कीं उभ्या गाडींत, वास कसला येतो, धूर कोणत्या रंगाचा आहे, हें प्रथम टिपून ठेवावें. जें स्वस्त व हाताशीं आहे तें आधीं तपासावें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशानें आला हें कधींच कळत नाहीं.

गाडी सुरू न होणें

हा विकार दोन प्रकारचा आहे. किल्ली फिरवूनही इंजिन मुळींच फिरत नाहीं, हा पहिला प्रकार होय. यांत बहुधा बॅटरीचा दोष असतो. दिवे लावून किल्ली फिरवावी. दिवे अगदीं मंद झाले तर बॅटरी उतरली आहे किंवा तारेचा जोड सैल आहे. दिवे लख्ख राहून नुसता ‘टक्’ असा आवाज आला तर दोष बहुधा सेल्फमध्यें आहे असें समजावें. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असल्यास आधीं ऋण तार, मग धन तार सोडावी, कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा कालवून टर्मिनल घासावें व जोड घट्ट करून वर व्हॅसलीन लावावें. सोड्याचें पाणी बॅटरीच्या आंत जाऊं देऊं नये. इंजिनाला व बॉडीला जोडलेली अर्थिंगची तारही पाहावी. पुष्कळदां नवी बॅटरी आणूनही गुण येत नाहीं, त्याचें कारण ही गंजलेली तार असते.

एक साधा मल्टीमीटर प्रत्येक मोटारवाल्याच्या घरीं असावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची भरलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ म्हणजे अर्धी संपली. इंजिन चालू असतां हाच आंकडा साधारण १३.८ ते १४.४ असावा. तो वाढतच नसेल तर दोष बॅटरीचा नसून तिला भरणाऱ्या यंत्राचा किंवा त्याच्या पट्ट्याचा आहे.

दुसरा प्रकार म्हणजे इंजिन फिरतें, पण पेटत नाहीं. इंजिनास पेट्रोल, ठिणगी व हवा या तीन गोष्टी लागतात; तीहींपैकीं कोणती नाहीं एवढेंच शोधावयाचें असतें. प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोहोंचत नाहीं. फिल्टर, पंप व कार्बुरेटरचे जेट या क्रमानें पाहावें. प्लग पेट्रोलनें ओला असेल तर ठिणगी नाहीं किंवा दुर्बळ आहे. ठिणगी पाहतांना प्लग तारेस लावून त्याचें लोखंड इंजिनाला टेकवावें, पण प्लगच्या उघड्या छिद्रापासून दूर. कारण तेथून पेट्रोलची वाफ निघते व ती पेट घेऊं शकते. पावसाळ्यांत डिस्ट्रिब्यूटरच्या टोपींत ओल धरते; कोरड्या फडक्यानें ती आंतून पुसतांच पुष्कळ गाड्या सुरू होतात. पॉइंट जळाले असल्यास बारीक पॉलिशकागदानें साफ करून गाडीच्या पुस्तकांत दिलेलें अंतर ठेवावें.

धान घरीं आल्यावर उंदीरही घरीं येतात, आणि बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या तारा कुरतडतात. मळणीच्या दिवसांत बॉनेट आठवड्यांतून एकदां उघडावें. त्याच वेळीं एअर फिल्टरही झाडावा. कोंड्यानें व धुळीनें भरलेल्या फिल्टरांतून इंजिनास श्वास घेतां येत नाहीं.

इंजिन तापणें

वैशाख-ज्येष्ठांत आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, तेव्हां जुन्या गाडीची खरी परीक्षा होते. आमच्या मतें जुनीं इंजिनें वयानें मरत नाहींत तितकीं या तापण्यानें मरतात. कांटा वर चढतांच गाडी सावलींत उभी करून इंजिन बंद करावें. रेडिएटरचें झांकण तापलेलें असतां मुळींच उघडूं नये. दाबाखालचें उकळतें पाणी अंगावर उडून माणूस भाजतो. अर्धा-पाऊण तास थांबावें. तापलेल्या इंजिनांत एकदम थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जातो.

मग कारण शोधावें. पाणी कमी झालें असेल तर होजपाइप, वॉटरपंप व रेडिएटरचा तळ यांवर गळतीचे डाग दिसतात. पाणी पुरेसें असूनही इंजिन तापत असेल तर फॅनबेल्ट सैल आहे काय, रेडिएटरच्या जाळींत तूस व किडे अडकले आहेत काय, हें पाहावें. जाळी इंजिनाच्या बाजूनें पुढें अशी हलक्या धारेनें धुवावी. विहिरीचें अथवा बोअरचें पाणी वर्षानुवर्षें घातल्यानें आंतल्या नळ्यांत क्षारांचा थर बसतो. यास्तव डिस्टिल्ड पाणी व कूलंट हेंच घालावें. कांहीं मिस्त्री थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. तसें करूं नये, त्यानें इंजिन एरवीं हवें तितकें गरम होत नाहीं व पेट्रोल अधिक जळतें. रेडिएटरांत बुडबुडे येत असतील, बाहेर गळती नसतां पाणी घटत असेल व ऑइल दुधाळ चहासारखें दिसत असेल, तर हेड गॅसकेट गेला असें समजून गाडी पुढें हांकूं नये.

उन्हाळ्यांत आणखी एक प्रकार घडतो. गाडी चांगली चालतां चालतां बंद पडते व थंड झाल्यावर आपोआप सुरू होते. टाकींतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपांत त्याची वाफ होऊन प्रवाह तुटतो, हें त्याचें एक नेहमींचें कारण आहे. पंपावर ओलें फडकें ठेवून थोडें थांबल्यास काम भागतें. मात्र तापलेली कॉइलही हेंच लक्षण दाखविते. म्हणून अशा वेळीं ठिणगीही तपासावी.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल

पेट्रोलांत इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण इ. स. २०२५ मध्यें शेंकडा २० पर्यंत पोहोंचलें. तें ऊंस, मका व तांदूळ यांपासूनही बनत असल्यानें शेतकऱ्यास या धोरणांत स्वारस्य आहे. परंतु जुन्या गाडीच्या मालकानें त्याचे गुणधर्म ओळखले पाहिजेत. इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें व जुन्या रबराच्या नळ्या व पडदे खराब करतें. लिटरमागें त्याची उष्णता पेट्रोलच्या सुमारें दोन-तृतीयांशच असते, त्यामुळें गाडी किंचित् कमी चालते व थंडींत सुरू होण्यास अधिक चोक मागते. उपाय असा कीं, पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्या, फिल्टर वेळेवर बदलावा, आणि रोवणीच्या दिवसांत गाडी दोन-दोन महिने एकाच पेट्रोलावर उभी ठेवूं नये.

धूर व ऑइल

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त व हवा कमी. चोक अडकला आहे काय तें पाहावें. निळा धूर म्हणजे ऑइल जळत आहे. व्हॉल्व्हचे सील अथवा पिस्टन रिंगा झिजल्या. थंडींत सकाळीं थोडा वेळ दिसणारी पांढरी वाफ निरुपद्रवी होय; ती सतत येत राहिल्यास पाणी आंत शिरत आहे.

पुरांत बुडालेली गाडी

इ. स. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेस महापूर येऊन भंडारा शहर व नदीकाठचीं गांवें जलमय झालीं, हें वाचक विसरले नसतील. बुडालेली गाडी बाहेर काढतांच किल्ली फिरविण्याचा मोह होतो. तो घातक आहे. सिलिंडरांत शिरलेलें पाणी दाबलें जात नाहीं व त्यामुळें कनेक्टिंग रॉड वांकतो. आधीं बॅटरी सोडावी, प्लग काढावे, इंजिन, गिअर व ॲक्सल यांचें ऑइल तपासून बदलावें, टाकींतील पाणी काढावें. मग प्लग काढलेले असतांच इंजिन फिरवून पाणी बाहेर जाऊं द्यावें.

ब्रेक

वरील सर्व दोषांनीं गाडी थांबते. ब्रेकच्या दोषानें ती थांबत नाहीं. म्हणून येथें काटकसर करूं नये. पायडल स्पंजासारखें लागल्यास आंत हवा आहे. दाबून धरलें असतां हळूहळू खालीं जात असल्यास बहुधा मास्टर सिलिंडर गळतो. गाडी एका बाजूस ओढत असल्यास एका चाकाचा ब्रेक धरत नाहीं. ब्रेक-ऑइल हवेंतील पाणी शोषतें, सबब दर दोन वर्षांनीं तें बदलावें. त्याच्या जागीं इंजिन-ऑइल कदापि घालूं नये, त्यानें रबरी वायसर फुगतात. नाल्यांतून गाडी काढल्यावर थोडें अंतर ब्रेक हलके दाबून सुकवावे. ब्रेक व स्टेअरिंग यांची दुरुस्ती मात्र जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावी.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं नूतन करावी लागते व त्या वेळीं गाडी तपासली जाते. तपासणीच्या आदल्या दिवशीं धांवपळ करण्यापेक्षां एक वही घालावी. ऑइल कधीं बदललें, पाणी किती घातलें, कोणता भाग केव्हां व कां बदलला, हें तींत लिहून ठेवावें. महिन्यांत दोनदां पाणी हळूहळू जास्त लागूं लागलें, हें वहीवरून जें कळतें तें स्मरणावर राहत नाहीं. आणि तेवढ्या एका नोंदीनें पुढें जाणारें इंजिन वांचतें. ज्याच्याजवळ अशी वही आहे, त्याच्या गाडीचें दुखणें मिस्त्रीसही लवकर सांपडतें आणि अंदाजानें भाग बदलण्याचा प्रसंग त्याजवर क्वचितच येतो.